जुन्या मोटारगाडीच्या एंजिनातील तापदोषांचे निदान : वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

‘गाडी गरम होते’ ही तक्रार जुन्या मोटारगाडीच्या बाबतीत इतकी सर्वपरिचित आहे, की तिलाच रोगाचे नाव समजण्याची चूक सहज घडते. वस्तुतः ते केवळ लक्षण होय. ज्वर एक असला तरी त्याची कारणे अनेक असतात. तद्वतच एंजिनाचे तपमान वाढणे हा एकच परिणाम परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक दोषांतून उद्भवू शकतो. पंखा मंद फिरणे, पंपाची पाती झिजणे, रेडिएटरच्या नळ्यांत खार साचणे, थर्मोस्टॅट अडकणे, हेड गॅस्केट जळणे, इतकेच नव्हे तर ठिणगी उशिरा पडणे, या सर्वांचा शेवट तपमापकाचा काटा तांबड्या रेषेकडे सरकण्यातच होतो. म्हणून एकामागून एक भाग बदलत जाणे या उपायाने कधीकधी यश आले, तरी त्यास निदान म्हणता येत नाही.

वसई-विरार परिसरात हा प्रश्न केवळ यंत्रविद्येच्या जिज्ञासेचा नाही. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर यांनी वेढलेल्या या पट्ट्यातून फुले, केळी व भाजीपाला मुंबईच्या बाजारांत जातो. रेल्वेबरोबरच लहान टेंपो व जुन्या गाड्या हे या व्यवहाराचे साधन आहे. पहाटेच्या बाजारासाठी निघालेला टेंपो वाटेत वाफ सोडीत उभा राहिला, तर फुलांचा तो दिवस बुडतो. आणि चुकीच्या निदानापायी सिलिंडर हेड उघडावे लागले, तर अनेक दिवसांची कमाई त्यात जाते. जुने वाहन हे अशा मालकाचे भांडवल असते. ते टिकवावयाचे, तर दोष नेमका कोठे आहे हे कमीत कमी खर्चात ओळखण्याची रीत हाती असावयास हवी. अशी रीत उष्णतेच्या काही प्राथमिक नियमांतून कशी निष्पन्न होते, हे येथे पाहावयाचे आहे.

उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या एंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने पाव ते तीस टक्के भागाचेच उपयुक्त कार्यात रूपांतर होते. उरलेल्यापैकी मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो, आणि साधारणतः कार्याइतकाच वाटा सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तिचे एंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे, म्हणजे ३० किलोवॉटच्या आसपासचे होते. मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून हे वाहन ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाले. तथापि उदाहरण म्हणून ते अद्याप सोयीचे आहे. पूर्ण भाराखाली अशा एंजिनाचे पाणी दर सेकंदास सुमारे ३० किलोज्यूल उष्णता घेते असे धरू. रेडिएटरमधून जाताना पाणी ७ अंश सेल्सिअसने थंड व्हावयाचे असेल, तर दर सेकंदास सुमारे एक लिटर पाणी फिरले पाहिजे. तीच उष्णता घेताना हवेचे तपमान २५ अंशांनी वाढते असे मानल्यास दर सेकंदास सुमारे एक घनमीटर हवा जाळीतून जावयास हवी.

एक लिटर पाणी आणि एक घनमीटर हवा, या दोन प्रवाहांचा तोल म्हणजेच शीतनव्यवस्था होय. पाण्याचा प्रवाह पंप, थर्मोस्टॅट, होज पाइप व नळ्या यांवर अवलंबून असतो; हवेचा प्रवाह पंखा, गाडीचा वेग आणि पत्र्यांची स्वच्छता यांवर. या दोन्हींच्या जोडीस तिसरी बाब येते ती पाणी व हवा यांच्या तपमानांतील फरकाची. पाणी ९० अंशांवर असताना बाहेरची हवा २० अंशांची असेल तर हा फरक ७० अंशांचा, आणि उन्हाळ्यात ती ३६ अंशांची झाली तर ५४ अंशांचा असतो. म्हणजे रेडिएटरची क्षमता जवळजवळ पाव हिश्शाने घटते. हिवाळ्यात निर्दोष वाटणारी गाडी एप्रिल-मे महिन्यांत एकाएकी तापू लागते, याचे कारण बहुधा दोष नव्याने उत्पन्न झाला असे नसून, पूर्वीपासून खालावलेल्या क्षमतेची शिल्लक संपली हे असते.

किनाऱ्यावरील दमट हवेस या बाबतीत पुष्कळदा दोष दिला जातो. तो योग्य नाही. मनुष्याचे शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते, म्हणून दमटपणा त्यास जाचतो. रेडिएटरचा पृष्ठभाग कोरडा असतो. तेथे बाष्पीभवन होत नाही, आणि म्हणून हवेतील आर्द्रतेचा त्याच्या कार्यावर होणारा परिणाम नगण्य असतो. समुद्राच्या सान्निध्याचा खरा उपद्रव वेगळाच आहे. खाऱ्या हवेने पत्रे व नळ्या यांमधील सांधा गंजतो. पत्रे जागच्या जागी दिसतात, परंतु नळीतील उष्णता त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यास पत्र्यांमध्ये चिखल बसतो, आणि वाळल्यावर तो बाहेरून सहज दिसतही नाही.

तापण्याची वेळ आणि दोषाचे स्थान

निदानाचे पहिले साधन कोणतेही उपकरण नसून ‘गाडी केव्हा तापते?’ हा प्रश्न होय. वसईहून घोडबंदरमार्गे ठाण्यास जाणाऱ्या वाहनाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. गावातील अरुंद रस्ते, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील वेग, वर्सोवा पुलाच्या परिसरातील वाहनांच्या रांगा आणि पुढे गायमुखचा चढ, या चार अवस्था एकाच फेरीत येतात. या फेरीत काटा कोठे वर गेला हे चालकाने लक्षपूर्वक सांगितले, तर अर्धे निदान गॅरेजच्या दाराशीच होते.

रांगेत उभी असताना गाडी तापते व महामार्गावर वेग येताच काटा खाली येतो, अशी अवस्था असेल तर दोष हवेच्या बाजूस शोधावा. वेगाने जाणाऱ्या गाडीस समोरून येणारा वारा पुरतो. उभ्या गाडीस केवळ पंख्याचा आधार असतो. जुन्या गाडीत पंखा पट्ट्यावर फिरतो. तो पट्टा सैल वा गुळगुळीत झाला असेल, किंवा विजेच्या पंख्याचा तापस्विच बिघडला असेल. पंख्याभोवतीचे आवरण दुरुस्तीच्या वेळी काढून परत बसविले नसेल, तरीही हाच परिणाम होतो. कारण मग पंखा जाळीतून थंड हवा ओढण्याऐवजी एंजिनाजवळचीच तापलेली हवा फिरवीत राहतो.

याउलट, रांगेत काटा स्थिर राहतो परंतु वेगात किंवा चढावर तो वर जातो, अशी अवस्था असेल तर हवा पुरेशी आहे हे सिद्धच झाले. मग उष्णता अधिक निर्माण होताच ती वाहून नेण्यास पाण्याचा प्रवाह अपुरा पडतो, असे अनुमान निघते. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजणे, पंपाची पाती गंजून झिजणे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे ही त्याची नेहमीची कारणे. खालच्या होज पाइपचा रबर मऊ पडला असेल तर पंपाच्या ओढीने तो वेगात चेपतो व प्रवाह रोखतो. गाडी थांबताच तो पूर्ववत होतो, म्हणून गॅरेजमध्ये पाहताना काहीच सापडत नाही.

गाडी सुरू केल्यापासून चारदोन मिनिटांतच काटा वर जात असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पाणी फार कमी आहे, किंवा ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत आहे, असे समजावे. प्रवासात सर्व ठीक असून एंजिन बंद केल्यावर पाणी उकळून बाहेर येत असेल, तर दोष बहुधा टाकीच्या झाकणात असतो. एंजिन थांबते तेव्हा पंप थांबतो, परंतु तापलेले धातू आपली उष्णता पाण्यास देतच राहतात; त्या काही मिनिटांत पाणी उकळू न देण्याचे काम झाकणाने राखलेला दाब करीत असतो. वातावरणापेक्षा अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब राखल्यास पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे ११२ अंशांवर जातो. झाकणाची स्प्रिंग थकली वा रबर फाटले, की हे बारा अंशांचे संरक्षण नाहीसे होते.

दोन तपमानांतील अंतर

यापुढील निश्चितीसाठी अवरक्त तपमापक हे आता सहज मिळणारे साधन उपयोगी पडते. एंजिन पुरते तापल्यावर रेडिएटरच्या वरच्या व खालच्या टोकांची तपमाने घ्यावीत. चकचकीत धातूवर असा तपमापक चुकीचे वाचन दाखवितो, म्हणून मोजण्याच्या जागी काळा रंग किंवा काळी चिकटपट्टी लावावी. चांगल्या स्थितीत ही दोन तपमाने साधारण ५ ते १० अंशांच्या अंतराने असतात.

वरचे तपमान जास्त आणि अंतरही मोठे असेल, तर पाणी सावकाश वाहत आहे. रेडिएटरमध्ये ते अधिक वेळ राहून अधिक थंड होते, परंतु एंजिनातून नेलेली एकूण उष्णता पुरेशी नसते. वरचे तपमान जास्त आणि अंतर मात्र लहान असेल, तर पाणी वाहत आहे पण रेडिएटर त्यातून उष्णता काढू शकत नाही. म्हणजे दोष हवेच्या बाजूस आहे. दोन्ही टोकांची तपमाने बेताची असून काटाच तेवढा वर असेल, तर संशय मापकावर किंवा त्याच्या संवेदकावर घ्यावा. पंख्यामागील जाळीवरून तपमापक फिरवीत गेल्यास मध्येच थंड पट्टे आढळतात. त्या बुजलेल्या नळ्या होत. इतक्या माहितीवर पाण्याची बाजू, हवेची बाजू व मापक यांपैकी कोणत्या दिशेस जावयाचे हे एकही भाग न उघडता ठरते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे या रूढ उपायाचाही येथेच विचार केला पाहिजे. हा उपाय गॅरेजांत सर्रास सुचविला जातो, आणि काही काळ त्याने काटा खाली येतोही. परंतु त्यामुळे एंजिन योग्य तपमानास पोहोचत नाही, इंधन अधिक लागते व सिलिंडरची झीज वाढते. शिवाय अनेक एंजिनांत थर्मोस्टॅटची खालची तबकडी तो उघडताना बगलेचा मार्ग बंद करते. तो काढल्यास हा मार्ग कायम उघडा राहतो, तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता परत एंजिनातच फिरतो, आणि भाराखाली गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. वास्तविक थर्मोस्टॅटची परीक्षा अगदी सोपी आहे. पातेल्यातील पाण्यात तो टांगून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तपमानाजवळ, बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, तो उघडू लागला पाहिजे.

पाण्याचा प्रश्न

आतापर्यंत सांगितलेले दोष कोणत्याही प्रदेशातील गाडीस लागू पडतात. वसई-विरार परिसराचे वैशिष्ट्य पाण्यात आहे. या पट्ट्यातील शेती विहिरी व बावखले यांवर वाढली. खाडी व समुद्र यांच्या लगतच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते, आणि उपसा वाढला की किनारी प्रदेशात खाऱ्या पाण्याची सीमा आत सरकते, हा भूजलाचा सर्वमान्य नियम आहे. नळाचे पाणी सूर्या, उसगाव, पेल्हार यांसारख्या धरणांतून येते. परंतु रस्त्यात तापलेल्या गाडीत ओतले जाते ते हाताशी असेल ते, म्हणजे पुष्कळदा विहिरीचे वा टँकरचे पाणी.

अशा पाण्याचे दोन परिणाम होतात. पहिला खार धरण्याचा. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट घट्ट थराच्या रूपाने साचते. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. हा क्षार मात्र उलट वागतो आणि जेथे उष्णता सर्वाधिक तेथेच, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सभोवती, प्रथम बसतो. बिडाची उष्णतावाहकता या खाराच्या सुमारे पंचवीस पट असते. सबब एक मिलिमीटर जाडीचा खार सुमारे २५ मिलिमीटर जाड बिडाइतका अडथळा करतो. दर चौरस मीटरमधून २०० किलोवॉट उष्णता जात आहे असे धरल्यास या एका मिलिमीटरपायी त्या जागेच्या धातूचे तपमान सुमारे १०० अंशांनी वाढते.

दुसरा परिणाम गंजण्याचा. तांब्याचा वा पितळेचा रेडिएटर, बिडाचा ब्लॉक आणि अनेक एंजिनांत अ‍ॅल्युमिनियमचे हेड, असे भिन्न धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. पाणी क्षारयुक्त असेल तर त्यातून विद्युत्प्रवाह सहज जातो आणि एक विद्युत्घटच तयार होतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. क्लोराइडमुळे त्यावरील संरक्षक ऑक्साइडचा थर जागोजागी फुटून खळगे पडतात. वसईच्या रस्त्यावर एकदा ओतलेले मचूळ पाणी त्या दिवशी गाडी घरी पोहोचविते, परंतु ते काढून न टाकल्यास पुढील वर्षाच्या दोषाचे बीज ठरते.

म्हणून येथे शीतद्रव वापरण्याचे प्रयोजन थंड प्रदेशांहून भिन्न आहे. पाणी गोठण्याचा प्रश्न किनाऱ्यावर उद्भवतच नाही. ग्लायकोलमुळे उत्कलनबिंदू काहीसा वाढतो, परंतु उष्णता धरण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी होते. त्यामुळे त्याचे प्रमाण वाढवीत नेणे हिताचे नाही. त्यातील खरी उपयुक्त वस्तू म्हणजे गंजरोधक द्रव्ये. ती कठीण पाण्यात मिसळली तर त्यांतील काही द्रव्ये कॅल्शियमशी संयोग पावून गाळ होतात, म्हणून मिश्रण ऊर्ध्वपातित पाण्यातच करावे. जुना शीतद्रव गटारात किंवा बावखलात सोडू नये. एथिलीन ग्लायकोल विषारी असून चवीस गोड असल्याने जनावरे ते पितात.

काटा काय सांगत नाही

तपमापक पाण्याचे तपमान दाखवितो, धातूचे नव्हे. ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने दोन प्रकारे फसगत होते. एंजिनाच्या आतील भिंतींवर खार बसला असेल तर धातू अतिशय तापतो, पण पाणी मात्र पूर्वीइतकेच राहू शकते. काटा मध्यावर असूनही चढावर एंजिन ठोके देऊ लागले, तर या शक्यतेचा विचार केला पाहिजे. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. पाणी इतके कमी झाले की संवेदक पाण्याबाहेर उघडा पडला, तर तो वाफेत वा हवेत राहून कमी तपमान दाखवितो. काटा एकाएकी खाली आला म्हणून चालक निश्चिंत होतो, आणि त्याच वेळी एंजिन कोरडे तापत असते.

अशा तापण्याचा परिणाम हेडवर होतो. अ‍ॅल्युमिनियमचे उष्णतेने होणारे प्रसरण बिडाच्या सुमारे दुप्पट असते. ४०० मिलिमीटर लांबीचे हेड १०० अंशांनी अधिक तापले, तर ते सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढू पाहते आणि खालचा ब्लॉक ०.४५ मिलिमीटरनेच. बोल्टांनी जखडलेले हेड मग वाकते व गॅस्केट सुटते. याची लक्षणे म्हणजे पाणी कोठेही गळत नसताना कमी होणे, तेल दुधाळ होणे, धूर पांढरा येणे आणि थंड एंजिन झाकण काढून सुरू केल्याबरोबर टाकीत सतत बुडबुडे येणे. निश्चितीसाठी टाकीतील हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावातून ओढतात. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड असल्यास द्राव पिवळा होतो. ही परीक्षा केल्यावाचून हेड उघडण्याचा खर्च मालकावर लादू नये.

परीक्षणाचा क्रम

उपर्युक्त विवेचनावरून क्रम असा निष्पन्न होतो. प्रथम चालकाकडून तापण्याची वेळ व गेल्या काही महिन्यांत ओतलेल्या पाण्याचा इतिहास घ्यावा. नंतर एंजिन थंड असताना पाण्याची पातळी, झाकण, पट्ट्याचा ताण, होज पाइप व पत्रे पाहावेत. हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या मूल्याइतका दाब देऊन तो काही मिनिटे टिकतो की नाही हे तपासल्यास गळती कळते. त्यानंतर एंजिन सुरू करून वरचा पाइप केव्हा तापतो ते पाहावे. तो बराच वेळ थंड राहून मग एकदम तापला, तर थर्मोस्टॅट ठीक आहे. मग दोन टोकांची तपमाने घ्यावीत. ठिणगीची वेळ, पेट्रोल-हवेचे मिश्रण व अडकणारे ब्रेक हेही तपासावे. कारण यांमुळे शीतनव्यवस्था निर्दोष असूनही तिच्यावर पडणारा भार वाढतो. गॅस्केटची परीक्षा यानंतर, आणि एंजिन उघडणे सर्वांत शेवटी.

तापलेल्या एंजिनाचे झाकण मात्र कोणत्याही कारणास्तव उघडू नये. दाबाखाली ११५ अंशांवर असलेल्या ८ लिटर पाण्याचा दाब अचानक गेला, तर त्यातील सुमारे २२० ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते. वजनाने ती अल्प दिसते. परंतु तिचे आकारमान ३५० लिटरांहून अधिक होते, आणि ती उरलेले उकळते पाणी उघडणाऱ्याच्या अंगावर फेकते. रस्त्याच्या कडेस झालेल्या या एका घाईने माणसे कायमची भाजली जातात. एंजिन निवण्यास लागणारा अर्धा-पाऊण तास त्यापुढे काहीच नव्हे.

सारांश, जुन्या एंजिनाच्या तापदोषांत भागांची संख्या मोठी असली तरी प्रश्न थोडेच आहेत : उष्णता जास्त निर्माण होते काय, पाणी तिला नेते काय, हवा ती घेते काय, आणि मापक खरे सांगतो काय. तापण्याची वेळ व दोन तपमानांतील अंतर या दोन निरीक्षणांनी यांपैकी बहुतेकांची उत्तरे मिळतात, आणि ती मिळविण्यास एकही बोल्ट सोडावा लागत नाही. वसई-विरारसारख्या किनारी परिसरात मात्र पाचवा प्रश्न विचारल्यावाचून निदान पुरे होत नाही : टाकीत ओतलेले पाणी कोणत्या विहिरीचे होते? रेडिएटर बदलूनही गाडी वर्षभरात पुन्हा तापू लागते, तेव्हा कारणाचा शोध बहुधा या प्रश्नाजवळच घ्यावा लागतो.